खेळण्यातील आगगाडीचे जुने स्टेशन-सामान: ओळख, रूपभेद आणि गोव्याच्या हवेतील जतन

खेळण्यातील आगगाड्या जमवणारे बहुधा इंजिनापासून सुरुवात करतात आणि इंजिनापाशीच थांबतात. ज्या फलाटावर ते इंजिन उभे राहायचे, त्या फलाटावरचा हमाल, त्याची सामानाची ढकलगाडी, दुधाचे कॅन, गावाच्या नावाची पाटी, सिग्नल केबिन, पादचारी पूल आणि तिकीटघर यांच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. या वस्तू लहान, स्वस्त आणि सहज हरवणाऱ्या होत्या, म्हणून त्या मूळ अवस्थेत कमी उरल्या. आणि कारखान्यांनी त्या वर्षानुवर्षे बनवताना रंग, माल आणि साचे बदलत ठेवल्यामुळे एकाच वस्तूचे अनेक रूपभेद तयार झाले. हे रूपभेद ओळखण्यासाठी मी एकच सवय सर्वांत महत्त्वाची मानतो: वस्तू हातात आली की आधी ती उलटी करून तळ पाहायचा. वरची बाजू खेळणाऱ्या मुलाने, उन्हाने आणि पुढे विक्रेत्याने बदललेली असू शकते, पण तळ सहसा कोणी सजवायला जात नाही.

पहिली पायरी: क्षेत्र आणि प्रमाण ठरवणे

सगळेच जमवू लागलात तर काहीच नीट कळत नाही. एक कारखाना, एक प्रमाण किंवा एकच प्रकारची वस्तू, यांपैकी एक मर्यादा सुरुवातीलाच घालून घ्यावी. त्यासाठी प्रमाणाचे, म्हणजे खेळणे खऱ्या वस्तूच्या किती पट लहान आहे याचे, गणित माहीत हवे. ओ गेजमध्ये दोन रुळांतील अंतर 32 मिलिमीटर असते आणि ब्रिटिश खेळण्यांत त्याचे प्रमाण साधारण 1:43.5 धरले जाते. ओओ आणि एचओ या दोहोंत रूळ 16.5 मिलिमीटरचेच असतात, मात्र ब्रिटिश खेळण्यांतल्या ओओचे प्रमाण 1:76 आणि जर्मन खेळण्यांतल्या एचओचे 1:87 आहे. म्हणून एकाच रुळाशेजारी ठेवलेली ब्रिटिश आणि जर्मन स्टेशने एकमेकांशी विसंगत दिसतात.

घरात फूटपट्टी असली की प्रमाण ओळखता येते. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस ओ गेजमध्ये सुमारे 40 मिलिमीटर, ओओमध्ये 23 आणि एचओमध्ये 20 मिलिमीटर भरतो. बाहुली नसेल तर दरवाजा मोजावा आणि त्यातून वाकल्याशिवाय जाणारा माणूस किती उंच असेल याचा अंदाज घ्यावा. पत्र्याच्या जुन्या स्टेशनांना हा नियम काटेकोरपणे लावू नये, कारण ती मुलांच्या हाताच्या सोयीने बनत आणि त्यांचे दरवाजे, खिडक्या व छप्पर यांचा परस्परांशी मेळ क्वचितच बसतो.

गोव्यात नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी छोट्या वस्तूंचे क्षेत्र सुचवीन: स्टेशनचे कर्मचारी, प्रवासी, ढकलगाड्या, पाट्या, फलाटावरची यंत्रे. त्या हवाबंद डब्यात मावतात आणि पावसाळ्यात सांभाळता येतात. पत्र्याचे मोठे स्टेशन मनाला भुरळ घालते खरे, पण समुद्रावरच्या वाऱ्यात त्याची काळजी घ्यायची तयारी नसेल तर ते घेऊ नये.

दुसरी पायरी: गोव्यात शोध कुठे घ्यावा

गोव्याची स्वतःची रेल्वे जुनी आहे. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यावरच्या कॅसल रॉकपर्यंतचा मीटरगेज मार्ग आखला गेला आणि त्याच शतकात वाहता झाला. वास्को, मडगाव, सावर्डे आणि कुळे ही नावे आपल्या कित्येक घरांत रेल्वेच्या नोकरीशी जोडलेली आहेत. परंतु खेळण्यातील आगगाड्या गोव्यात आल्या त्या मुख्यतः इतर वाटांनी: ब्रिटिश जहाजांवर नोकरी करणाऱ्या तारवटींच्या पेट्यांतून, पूर्व आफ्रिकेतील रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत काम करून परतलेल्या कुटुंबांच्या सामानातून, आणि मुक्तीपूर्व काळात बंदरातून येणाऱ्या परदेशी मालातून. 1950 च्या दशकात गोव्यातील आयात उर्वरित भारतापेक्षा बरीच सैल होती. त्यामुळे इथल्या जुन्या घरात काही सापडलेच, तर ते त्या दशकातील असण्याची शक्यता मी आधी धरतो आणि युद्धपूर्व, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधीच्या, काळाचा दावा पुराव्याशिवाय मान्य करत नाही.

म्हापशाचा शुक्रवारचा आणि अंजुण्याचा बुधवारचा बाजार अधूनमधून फिरावेत, पण तिथे आशा माफक ठेवावी. जुनी म्हणून विकली जाणारी पत्र्याची खेळणी पुष्कळदा अलीकडची शोभेची असतात. जुने फर्निचर घेणारे व्यापारी, घर मोडताना सामान उचलणारे कंत्राटदार आणि भंगारवाले यांच्याशी ओळख ठेवणे अधिक फलदायी ठरते. कपाट विकताना त्याच्या तळखणात राहिलेला पुठ्ठ्याचा डबा त्यांच्याच हाती लागतो. त्यांना वस्तूंची छायाचित्रे दाखवून ठेवावीत आणि एकच विनंती करावी: डबा फाटका, रिकामा असला तरी टाकू नका आणि काहीही धुऊ नका.

सासष्टी-बार्देशातील एखाद्या घरात प्रत्यक्ष माळा पाहण्याची संधी मिळाली, तर वस्तू उचलण्याआधी ती जिथे आहे तिथेच तिचे छायाचित्र घ्यावे. आसपासच्या धुळीत सुटलेले कॅनचे झाकण, तुटलेला सिग्नलचा हात किंवा पाटीचा खांब पडलेला असू शकतो. वस्तू घरात कशी आली, कोणत्या बंदरातून, कोणासाठी, हे वडीलधाऱ्यांना विचारून त्याच दिवशी लिहून ठेवावे. वस्तूचे खरे मोल आपल्याला माहीत असेल आणि मालकाला नसेल, तर ते सांगूनच भाव ठरवावा. छोट्या प्रदेशात संग्राहकाची पत ही त्याची मोठी पुंजी असते आणि लोक पुढच्या वेळी स्वतःहून बोलावतात ते त्यामुळेच.

तिसरी पायरी: तपासणीची साधने आणि क्रम

दहापट मोठे दाखवणारे भिंग, छोटा लोहचुंबक, डिजिटल व्हर्नियर, ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणारा वजनकाटा, साधी विजेरी आणि अतिनील किरणांची विजेरी एवढी साधने पुरतात.

पहिल्यांदा लोहचुंबक लावावा. कथलाचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा चिकटतो. शिसे, जस्ताची ओतीव मिश्रधातू, ॲल्युमिनियम, लाकूड आणि प्लास्टिक चिकटत नाहीत. मग तळ पाहावा. पत्र्याच्या इमारतीत भाग एकमेकांना जोडण्यासाठी छोट्या जिभा असतात, त्या खाचेतून आत घालून दुमडलेल्या असतात. मूळ जीभ एकदाच दुमडलेली असते, म्हणून तिच्या वाकणावर रंग एका सरळ बारीक रेषेत तडकलेला दिसतो. ती पुन्हा उघडून बंद केली असेल तर वाकणावर पांढरट, थकलेला धातू दिसतो, कडेला पकडीचे ओरखडे असतात, आणि दोनतीनदा वाकलेली जीभ तर मुळाशीच तुटते. अशा उघडलेल्या जिभा दिसल्या की इमारतीचे छप्पर, दिवा किंवा एखादी भिंत बदलली गेली आहे का, याची चौकशी केलीच पाहिजे.

याच तळाला मूळ रंगही सापडतो. छपराच्या आतल्या घडीत, जिभेच्या पोटाखाली, जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसतात त्या फटीत ऊन पोहोचलेले नसते. बाहेर फिकट पिवळी दिसणारी भिंत तिथे गडद असेल, तर तो वेगळा रूपभेद नव्हे, ती उन्हाने उडालेली नेहमीचीच वस्तू आहे. या तपासणीविना कोणताही ‘दुर्मीळ रंग’ विकत घेऊ नये.

शेवटी मापे आणि वजन नोंदवावे. दोन वस्तू डोळ्यांना सारख्या दिसतात, पण साचा बदललेला असतो तेव्हा उंचीत मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा आणि वजनात स्पष्ट फरक पडतो.

चौथी पायरी: रूपभेद वाचणे

रूपभेद तीन कारणांनी होतात आणि ती वेगळी ठेवली नाहीत तर गोंधळ होतो. काही भेद कारखान्याने ठरवून केलेले असतात: वेगळे नाव, वेगळी रंगसंगती, नवा क्रमांक. काही उत्पादनाच्या ओघात पडतात: रंगाची खेप बदलली, खर्च वाचवायला एक रंग कमी केला, साचा झिजला. तिसरे भेद हे भेदच नसतात, ते काळाचे आणि वापराचे परिणाम असतात. संग्रहात पहिल्या दोहोंना जागा द्यावी.

सर्वांत जास्त अभ्यासण्याजोगे उदाहरण म्हणजे लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीचे, म्हणजे फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्याचे सामान. तिथे ओ गेजच्या हॉर्नबी गाड्या 1920 मध्ये सुरू झाल्या आणि पुढील दोन दशकांत त्यांच्याभोवती पत्र्याची स्टेशने, सिग्नल केबिन, पाट्या आणि फलाटावरचे सामान यांची मोठी मालिका उभी राहिली. स्टेशनांवर विंडसर, रिपन, मार्गेट, वेम्बली, रेडिंग अशी गावांची नावे छापलेली असत. संग्राहक पुष्कळदा नाव हाच एकमेव भेद समजतो. मात्र त्याच नावाच्या दोन स्टेशनांत छपराचा रंग, भिंतीवरची छपाई, फलाटाचा रंग आणि दिव्यांची सोय वेगळी असू शकते. विजेच्या दिव्यांचे स्टेशन आणि बिनदिव्यांचे स्टेशन हे दोन स्वतंत्र प्रकार आहेत. बिनदिव्याच्या स्टेशनाला नंतर भोके पाडून दिवे बसवलेलेही आढळते. कारखान्याचे भोक साच्याने कापलेले असते, त्याची कड स्वच्छ असते आणि रंग त्या कडेपर्यंत शाबूत असतो. घरगुती भोकाची कड मागे उचललेली आणि भोवतालचा रंग टिचलेला दिसतो.

अशा जुन्या दिव्यांविषयी एक स्पष्ट सूचना: ते रोहित्रातून मिळणाऱ्या कमी दाबाच्या विजेसाठी होते. त्या काळातील रोहित्राच्या तारांवरचे आवरण आता ठिसूळ झालेले असते, म्हणून ते शोभेपुरते ठेवावे आणि 230 व्होल्टच्या घरगुती विजेला कधीही जोडू नये.

फलाटावरच्या छोट्या सामानाचे हॉर्नबीचे संच क्रमांकाने विकले जात. पहिल्या क्रमांकाच्या संचात प्रवासी सामान आणि ढकलगाडी होती, दुसऱ्यात दुधाचे कॅन आणि त्यांची गाडी, तिसऱ्यात फलाटावरची यंत्रे. आज हे संच पूर्ण मिळणे कठीण असते आणि विक्रेते वेगवेगळ्या काळांतील तुकडे एकत्र करून ‘पूर्ण संच’ बनवतात. म्हणून एकाच संचातील सर्व वस्तूंच्या रंगाची चमक, झीज आणि तळाचा काळेपणा सारख्या आहेत का हे पाहावे. एकत्र ठेवलेल्या वस्तू एकत्रच जुन्या होतात.

स्टेशनच्या कर्मचाऱ्यांकडे वळू. मेकॅनोने 1931 मध्ये ‘मॉडेल्ड मिनिएचर्स’ या नावाने शिशाच्या मिश्रधातूच्या बाहुल्या काढल्या आणि त्यातला पहिला संच स्टेशन कर्मचाऱ्यांचाच होता: स्टेशनमास्तर, गार्ड, तिकीट तपासनीस, इंजिन ड्रायव्हर, सामान घेतलेला हमाल आणि मोकळ्या हातांचा हमाल. त्यानंतरच्या संचांत प्रवासी, अभियांत्रिकी कामगार आणि गाडी व हॉटेलातील नोकर आले. याच मालिकेला ‘डिंकी टॉइज’ हे नाव 1934 मध्ये रूढ झाले, त्यामुळे डब्यावर कोणते नाव आहे यावरूनच काळाचा पहिला अंदाज बांधता येतो. पुढे 1954 मध्ये क्रमांक तीन आकडी झाले आणि स्टेशन कर्मचाऱ्यांचा संच 001 झाला. सुरुवातीच्या बाहुल्या सुमारे 40 मिलिमीटरच्या आहेत, नंतरच्या थोड्या लहान आहेत आणि त्यांचे रंगकाम अधिक सोपे आहे.

यातील एक हमाल हातात घेऊन पाहू. चेहऱ्याचा रंग आणि कॉलरचा रंग जिथे भेटतात ती रेषा भिंगाखाली पाहावी. मूळ काम झपाट्याने केलेले असते. रेषा किंचित वेडीवाकडी असली तरी रंगाचा थर पातळ आणि सलग असतो, आणि टोपीची कड, पिशवीचे कोपरे, कोपर अशा उंच जागी तो घासून धातू दिसू लागलेला असतो. पुन्हा रंगवलेल्या बाहुलीत नेमके उलटे दिसते: कोपरांवर रंग भरगच्च, डोळे-बटणे फार सुबक, आणि घड्यांच्या खोलात जुन्या रंगाच्या पापुद्र्यांवर नवा रंग चढलेला. मग हमालाला उलटे करावे. बैठकीचा खालचा भाग फलाटावर सरकून सरकून गुळगुळीत झालेला असतो आणि त्याच्या कडेला रंग झिजत जातो. बैठक कोरी आणि नव्या रंगाने झाकलेली असेल, तर बाहुली अलीकडे ओतलेली असण्याचा संशय धरावा. अशा नकला पांढऱ्या धातूत सर्रास ओतल्या जातात आणि मूळ बाहुलीवरून साचा काढला असेल तर त्या आकसल्यामुळे किंचित लहान भरतात. व्हर्नियरचा उपयोग इथे होतो.

ओओ प्रमाणात हॉर्नबी डब्लो ही मालिका 1938 मध्ये आली. युद्धापूर्वीची तिची स्टेशने लाकडी होती, युद्धानंतरची धातूची आणि शेवटच्या वर्षांतली प्लास्टिकची जोडणीची संच-रूपे. एकाच नावाखाली माल दोनदा बदलला, हे या मालिकेचे वैशिष्ट्य आहे. धातूच्या सिग्नल केबिनचे छप्पर नारंगीसर लाल आणि हिरवे अशा दोन्ही रंगांत मिळते. दोन्ही जमवणे फार खर्चाचे नाही आणि नवख्याला रूपभेदांचा सराव करायला याहून चांगली जोडी मला माहीत नाही.

ट्रायँग या दुसऱ्या ब्रिटिश नावाच्या सामानात डबा आणि वस्तू यांचा संबंध अभ्यासावा. ट्रायँग रेल्वेज हे नाव 1952 पासून दिसते, 1964 मध्ये मेकॅनो कंपनी ट्रायँगच्या मालकांकडे गेल्यावर 1965 पासून ट्रायँग हॉर्नबी, आणि 1972 पासून हॉर्नबी रेल्वेज. साचा तोच राहून डबा बदलू शकतो. जुन्या डब्यात नंतरची वस्तू किंवा नंतरच्या डब्यात जुनी वस्तू सापडणे म्हणजे दरवेळी फसवणूक नव्हे, दुकानदाराने उरलेला माल असाच विकलेला असतो; पण विक्रेता डब्याच्या वर्षावरून वस्तूचे वर्ष सांगत असेल तर ते ग्राह्य धरू नये.

हीच दक्षता एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीच्या, घरी जोडायच्या प्लास्टिक संचांबाबत हवी. त्यांची सिग्नल केबिन इंग्लंडमधील ओकहॅम येथील खऱ्या केबिनवरून घेतलेली आहे. पुढे हे साचे डॅपॉल या दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि त्यांतून नवे संच निघत राहिले. जोडलेल्या अवस्थेतील केबिन पाहून ती कोणत्या दशकातली हे ठरवणे जवळपास अशक्य असते, म्हणून संच न जोडलेला आणि मूळ वेष्टनासह असेल तरच जास्त किंमत मोजावी. मेरिटच्या प्लास्टिक ढकलगाड्या, मास्टरमॉडेल्सच्या धातूच्या बाहुल्या, आणि जर्मन बाजूला मार्कलिन, किब्री, फालर हीही समृद्ध क्षेत्रे आहेत, पण एकाचा अभ्यास पुरता झाल्याशिवाय दुसऱ्यात शिरू नये.

पाचवी पायरी: डबे, कागद आणि बनावट

मूळ डबा वस्तूची किंमत मोठ्या प्रमाणात वाढवतो, म्हणून डब्यांच्या नकलाही होतात. अतिनील विजेरी अंधाऱ्या खोलीत डब्यावर धरावी. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून घालतात ती चमकद्रव्ये साधारण 1950 च्या दशकापासून सर्रास वापरात आली. त्यामुळे युद्धपूर्व म्हणून दिलेला डबा किंवा लेबल निळसर-पांढरे चमकत असेल तर ते नाकारावे. न चमकणे हा मात्र अस्सलपणाचा पुरावा नाही, कारण जुना कोरा कागद वापरूनही नक्कल करता येते. भिंगाखाली अक्षरांच्या कडा पाहाव्यात: घरगुती छपाईयंत्राच्या अक्षरांभोवती बारीक रंगीत ठिपके विखुरलेले दिसतात, जुन्या छपाईत रंग भरीव असतो. मेकॅनोच्या छापील पत्रकांवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत छपाईचा संकेत अनेकदा असतो आणि त्यात महिना व वर्ष दडलेले असते. तो न विसरता टिपून घ्यावा.

सहावी पायरी: खरेदी

परदेशातील लिलावांतून घेताना तळाचे, जिभांचे आणि बाहुलीच्या बैठकीचे छायाचित्र मागावे. ते न देणाऱ्याकडून घेऊ नये. आयात पार्सलवर सीमाशुल्क लागते, आणि 1 जानेवारी 2021 पासून भारतात खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोची गुणवत्ता नियंत्रणाची अट लागू आहे, म्हणून पैसे भरण्याआधी टपाल वा सीमाशुल्क कार्यालयात चौकशी करावी. शंभर वर्षांहून जुन्या कलात्मक वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर 1972 च्या कायद्याने निर्बंध आहेत; अशा वयाचे काही हाती असेल तर बाहेर विकण्याआधी सल्ला घ्यावा.

जस्ताच्या ओतीव वस्तू घेताना आणखी एक परीक्षा आवश्यक आहे. धातूत शिशासारखी अशुद्धता राहिली असेल तर तो आतून कणाकणाने फुटत जातो: प्रथम केसासारख्या भेगा, मग फुगवटा, वाकणे आणि शेवटी चुरा. ओलाव्याने हे वेगाने घडते. युद्धपूर्व ओतीव वस्तूंत हा दोष विशेष आढळतो. त्यावर उपाय नाही, म्हणून भेगा दिसल्या तर वस्तू कितीही दुर्मीळ असो, ती घेऊ नये. हा दोष शेजारच्या वस्तूला ‘लागतो’ असा समज मात्र खरा नाही.

सातवी पायरी: गोव्याच्या हवेत जतन

इथे संग्राहकाचा खरा कस लागतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत ओलावा भरून असतो आणि किनाऱ्याजवळ त्यात मिठाचा अंश मिसळतो. पत्रा गंजतो, पुठ्ठ्याला बुरशी येते, कसर लेबल खाते.

कपाट बाहेरच्या जांभ्या दगडाच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, कारण ती भिंत पावसाळाभर पाणी शोषते. आतल्या भिंतीपासून चार बोटे दूर, रंगवलेले लोखंडी कपाट सर्वांत बरे. लाकडी कपाट आणि प्लायवूडमधून आम्लाची वाफ सुटते व ती शिशाला घातक असते. शिशाच्या बाहुल्यांवर पांढरी भुकटी दिसू लागली तर कारण बहुधा तेच. ती भुकटी विषारी असते, म्हणून हातमोजे आणि मुखपट्टी घालून बाहुली वेगळी काढावी, कोरडी झटकू नये. शिशाच्या वस्तू हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि त्या लहान मुलांच्या हाती देऊ नयेत.

कपाटात आर्द्रतामापक ठेवून आकडा 45 ते 50 टक्क्यांच्या आसपास राखावा. कॅमेऱ्यासाठी मिळणारी कोरडी ठेवणारी विजेची पेटी छोट्या वस्तूंना उत्तम. नाहीतर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवावे. निळ्या रंगाच्या जेलमध्ये कोबाल्टचे विषारी क्षार असतात, म्हणून नारिंगी घ्यावे, आणि रंग बदलला की ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर वाळवून पुन्हा वापरावे. कपाटात दिवा लावून ठेवण्याची आपली जुनी पद्धत कपड्यांना चालते. इथे मात्र दिव्याजवळचे प्लास्टिक वाकते आणि रंग उडतो.

आपल्याकडे प्रत्येक कपाटात डांबरगोळ्या टाकण्याची सवय आहे. संग्रहाच्या कपाटात त्या कदापि ठेवू नयेत, कारण त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीनचे प्लास्टिक मऊ पडून चिकट होते. एअरफिक्सची केबिन एका पावसाळ्यात अशी बिघडू शकते. मऊ विनाइलच्या किंवा रबराच्या वस्तूही अशा प्लास्टिकला टेकवून ठेवू नयेत. गुंडाळायला आम्लरहित पातळ कागद वापरावा, वर्तमानपत्र नको.

स्वच्छता शक्य तितकी कमी करावी. मऊ कुंचल्याने धूळ काढावी. छापील पत्र्यावर गरज पडल्यास उकळून गार केलेल्या नव्हे, तर ऊर्ध्वपातित पाण्यात जेमतेम ओलावलेला कापसाचा बोळा आधी तळाशी फिरवून पाहावा. पाण्यावर सरकवून चिकटवलेली अक्षरे आणि चित्रे असतील तिथे पाणी लावूच नये, ती सुटून येतात. चिंच, लिंबू, भांड्यांची पॉलिश, घासलेट, खोबरेल तेल यांतले काहीही नको. गंजाचा ठिपका बांबूच्या टोकदार काडीने सावकाश मोकळा करावा आणि उघड्या पत्र्यावर संग्रहालयांत वापरतात तसे सूक्ष्मस्फटिकी मेण (मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स) अगदी पातळ लावावे. पुन्हा रंगवू नये. उडालेला मूळ रंग हाही वस्तूचा पुरावा आहे आणि नवा रंग तो कायमचा पुसतो.

आठवी पायरी: नोंदवही आणि देवघेव

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा, तो वस्तूवर न लिहिता सुती दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर लिहावा. नोंदीत कारखाना, प्रमाण, माल, जोडणीची पद्धत, प्रत्येक भागाचा रंग, तळावरची अक्षरे, मापे, वजन, कुठून व कशी मिळाली, दिलेली किंमत आणि आढळलेली दुरुस्ती हे सारे असावे. रंग दिवसाच्या उजेडात, उत्तरेकडच्या खिडकीशी पाहून लिहावा. छायाचित्रे किमान दोन, एक वरून आणि एक तळाचे, शेजारी फूटपट्टी ठेवून. पावसाळ्याच्या आधी आणि ओसरल्यावर तीच छायाचित्रे पुन्हा काढून जुन्यांशी ताडून पाहिली की नवी भेग किंवा गंज लवकर लक्षात येतो.

दुबार वस्तू विकताना किंवा बदलताना नोंदीची प्रत सोबत द्यावी आणि दुरुस्ती लपवू नये. पार्सल पावसाळ्यात पाठवणे टाळावे. वस्तूभोवती आम्लरहित कागद, त्यावर फुग्यांचे प्लास्टिक, ते थेट वस्तूला न लागेल असे, मग कडक डबा आणि त्याबाहेर दुसरा मोठा डबा, दोहोंच्या मधली जागा सर्व बाजूंनी भरलेली, अशी बांधणी करावी. सुटे भाग, म्हणजे कॅनची झाकणे, सिग्नलचे हात, पाट्यांचे खांब, एका छोट्या पाकिटात घालून ते आतल्या डब्याच्या झाकणाला चिकटवावे आणि पाकिटावर त्यांची यादी लिहावी.